भाजलेलं रताळं आणि वरून गूळ-तूप: आतून कोरडं का राहतं, गुळाचा दगड का होतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोर्शीकडच्या गावात राहता, घरात नवीन ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आलं आहे, पण लाइनचा भरवसा नाही. महाशिवरात्रीला घरभर उपास, आणि उकडलेल्या रताळ्याला पोट्टे तोंड लावत नाहीत. म्हणून व्हिडिओ पाहून ओव्हनमध्ये भाजली. ती आत कोरडी, वर सुरकुतलेली निघाली आणि वर ओतलेला गूळ थंड होताच दगड झाला. मार्शमॅलो (व्हिडिओतली ती मऊ, फुगीर साखरेची मिठाई) न आणता वरून दुसरं काय घालता येईल, हेही विचारलंत.

मी वर्ध्याकडची. हिवाळाभर वावरात हुरड्याला येणाऱ्या लोकांसाठी आगटीत रताळी भाजते आणि एरवी लग्नाकार्याच्या स्वयंपाकाला जाते. तुमची दोन्ही दुखणी रोजच्या पाहण्यातली आहेत. मात्र वरून काय घालावं यात तुम्ही जितकं डोकं घालवलं, त्याच्या निम्मंही भाजण्यात घातलेलं दिसत नाही. रताळ्याची गोडी भाजतानाच तयार होते. ती तयार झाली असेल तर वर दोन चमचे गूळ पुष्कळ होतो. नसेल झाली तर वाटीभर पाक ओतूनही आतला घास पिठूळच लागतो.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी कृती यावरच उभी आहे. कच्चं रताळं चावून पाहिलं तर ते बेताचंच गोड असतं, बाकी सगळं पीठ. पण त्याच रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, बीटा-अमायलेज नावाचं, जे या पिठापासून माल्टोज नावाची साखर बनवतं. कच्च्या पिठावर त्याचं फारसं चालत नाही. आतलं तापमान साधारण ६५ अंशांच्या पुढं गेलं की पीठ फुगून मऊ पडतं आणि विकराचं काम जोरात सुरू होतं. ८० च्या आसपास पोचलं की उष्णतेनं विकरच निकामी होतं. म्हणजे ६५ ते ८० या टप्प्यात रताळं जितका जास्त वेळ रेंगाळेल, तितकी साखर जास्त. कुकरमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये तो टप्पा झपाट्यानं निघून जातो. रताळं शिजतं, पण गोड व्हायला सवडच मिळत नाही. राखेत पुरलेलं रताळं गोड लागतं त्याचं मोठं कारण हा सावकाशपणा आहे. धुराचा वास त्यावर थोडी भर घालतो, इतकंच.

तुम्ही ओव्हन आधी २३० वर तापवून घेतला आणि मोठाली रताळी त्यात टाकली. बाहेरचा भाग वाळून कातड्यासारखा झाला, गाभा मात्र घाईघाईनं शिजला. व्हिडिओतल्या बाईंचं रताळं बहुतेक नारिंगी गराचं असणार. ते मुळातच ओलसर असतं, त्याला असली घाई थोडीफार खपते. आपल्या बाजारातलं लाल सालीचं, पांढऱ्या गराचं रताळं कोरड्या जातीचं. त्याला घाई चालत नाही.

आता बाजारातून निवडताना. आठवडी बाजारात माघ महिन्यात ढीग लागलेले असतात आणि बायका मोठमोठी रताळी उचलतात, सोलायला सोपी म्हणून. भाजायला ती नकोत. २०० ते २५० ग्रॅमची, लांबट, सगळी एका जाडीची घ्या. एक गलेलठ्ठ आणि एक करंगळीएवढं अशी जोडी एकत्र भाजली तर एक जळतं, एक कच्चं राहतं. दाबून कडक लागलं पाहिजे. टोकाशी मऊ पडलेलं परत ढिगात ठेवून द्या.

सालीवर बारीक काळी छिद्रं दिसली तर तिथंच सोडा. तो सोंड्या भुंग्याचा उद्योग असतो. आत बोगदे असतात आणि त्या भागाला जो कडू, उग्र वास येतो तो भाजून, उकडून, गूळ घालून कशानंही जात नाही. किडीला तोंड देताना रताळंच ती कडू द्रव्यं तयार करतं आणि ती खाण्याजोगी नसतात. थोडा भाग कापून बाकीचं वापरायचा मोह होतो. मी तसं करत नाही, अख्खं टाकते. आणि टाकायचं म्हणजे गोठ्यातही नाही. बुरशी आलेली, कुजकी रताळी खाल्ल्यानं जनावरांच्या फुप्फुसाला सूज येते, ढोर धापा टाकू लागतं आणि दगावूही शकतं. आपल्याकडं खराब झालेलं सगळं गाईपुढं टाकायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

घरच्या वावरातली रताळी असतील तर काढल्या दिवशी भाजू नका. काढताना साल खरचटते. ती भरून यायला आठवडाभर सावलीत, हवा खेळेल अशा जागी, टोपल्यात न धुता पसरून ठेवा. रात्री गारठा असेल तर वर बारदाना टाका. या मुक्कामात गोडीही वाढते. दोन-तीन आठवडे ठेवलेलं रताळं ताज्यापेक्षा नक्की सरस लागतं. फ्रीजमध्ये मात्र कधीच नाही. थंडीनं त्याचा गाभा टणक होतो आणि मग तासभर भाजलं तरी मधे गाठ राहते. तुमचं आतून दडस राहिलं त्यात याचाही हात असू शकतो, कारण तुम्ही ती दोन दिवस आधी आणून फ्रीजमध्ये ठेवली होती असं लिहिलं आहे.

ओटीजीत असं करा. रताळी घासून धुवा आणि फडक्यानं कोरडी पुसा. साल काढायची नाही, दोन्ही टोकांचे दोऱ्यासारखे शेंडे तेवढे छाटा, कारण ते जळून कडवट वास देतात. काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा. तेल-तूप आत्ता लावू नका. ओव्हन आधी तापवायचा नाही. थंड ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर रताळी एकमेकांना न चिकटवता ठेवा आणि खाली ताट ठेवा, कारण शेवटी टोचलेल्या जागांतून चिकट रस गळतो आणि तो खालच्या रॉडवर पडला की घरभर धूर होतो. दोन्ही रॉड लावून १५० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, मग २०० वर नेऊन आणखी ३५-४० मिनिटं. मधे एकदा उलटा. अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नका, वाफ आत कोंडून साल ओली राहते आणि चव उकडल्यासारखी लागते.

झालं हे ओळखायला घड्याळापेक्षा हात बरा. फडक्यात धरून दाबलं की सहज दबलं पाहिजे, साल गरापासून सुटून सैल पडलेली असली पाहिजे आणि टोचलेल्या जागी काळपट तपकिरी चिकाचे थेंब जमलेले दिसले पाहिजेत. ते थेंब म्हणजे साखर झाली याची पावती. सुरी आत गेली म्हणून काढू नका. सुरी आत जाण्याच्या आणि खऱ्या अर्थानं भाजून होण्याच्या मधे अजून दहा-पंधरा मिनिटं असतात आणि बहुतेक लोक नेमकं तिथंच थांबतात. ओव्हन बंद केल्यावर दहा मिनिटं आतच राहू द्या.

एका खेपेला एक-दीड युनिट वीज जाते, आणि ओटीजी घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लावायचं नाही. मधे लाइन गेली तर दार उघडू नका. पहिल्या अर्ध्या तासात गेली असेल तर घाबरायचं कारण नाही. हळूहळू तापणं आपल्याला हवंच आहे. लाइन आली की पुढं चालू करा.

लाइन आलीच नाही तर गॅसवर. जाड बुडाची लोखंडी कढई किंवा जुना जाड गंज (पातेलं) घ्या, बुडाशी दोन बोटं खडे मीठ नाहीतर धुऊन वाळवलेली रेती पसरा, त्यावर रताळी, वर घट्ट झाकण. पहिली पाच मिनिटं मध्यम आच, मग अगदी बारीक. दर दहा-बारा मिनिटांनी उलटवा. पाऊण तास ते तास लागतो. नॉनस्टिक भांडं यासाठी वापरू नका, ते असं कोरडं तासभर तापवायचं नसतं. चांगला कुकरही नको. काही जणी रिंग आणि शिट्टी काढून त्यात भाजतात, पण कोरड्या आचेनं कुकरचं बूड खराब होतं आणि मग तो वरणाला धड राहत नाही. जुना पडीक असेल तर तुमची मर्जी.

आगटीचं मात्र मला मनापासून सांगायचं आहे, कारण तुमच्याकडं वावर आहे, गोवऱ्या आहेत, आणि शिवरात्रीला माणसं जास्त असतील तर ओटीजीत पाच-सहा रताळ्यांच्या वर मावणार नाहीत. वीतभर खोल खड्डा करा. गोवऱ्या रचून पेटवा. पेटवायला पऱ्हाटी, तुराटी (कपाशीच्या, तुरीच्या वाळल्या काड्या) चालते, पण भाजायला नाही. ती भडकते, मोठा जाळ देते आणि भाकरी होईस्तोवर तिची राख होते, धग टिकतच नाही. शिवाय कपाशीवर हंगामभर फवारे बसलेले असतात, त्यामुळं पऱ्हाटीच्या धुरात उघडं अन्न ठेवायला माझा हात धजत नाही. बाभळीचं लाकूड असेल तर त्याचे इंगळ छान टिकतात. जुनी रंगवलेली फळी, प्लायवूडचे तुकडे असलं काही आगटीत जाऊ देऊ नका. पोरं हाताला लागेल ते आत टाकतात.

धूर पूर्ण थांबून गोवऱ्या आतून लाल आणि वरून राखाडी झाल्या की अर्धे इंगळ बाजूला ओढा. खाली चार बोटं गरम राख राहू द्या, तिच्यावर रताळी मांडा, वर तेवढीच राख, आणि त्या राखेवर बाजूला काढलेले इंगळ. इंगळ आणि रताळं यांच्यामध्ये राखेचा थर हवाच. तो थर नसेल तर साल कोळसा होते आणि आत कच्चं राहतं, रोडग्यांना (राखेत भाजायच्या कणकेच्या गोळ्यांना) नेमकं होतं तसं. राखेत टाकायची रताळी टोचू नका, रस बाहेर येऊन राख चिकटते. पन्नास मिनिटांनी एक उकरून दाबून पाहा. लागला तर आणखी पाव तास. मग बाहेर काढून फडक्यानं राख झटका, लगेच पाणी लावू नका. वारा असेल तर आगटीच्या त्या बाजूला दोन कवेलू (छपराची कौलं) उभे करा, नाहीतर एका अंगाचीच रताळी भाजून निघतात.

आता वरचं. एक किलो, म्हणजे चार-पाच रताळ्यांना अर्धी वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे पाणी, दीड चमचा तूप, चिमूटभर मीठ (उपासाला सैंधव) आणि थोडं जायफळ किंवा वेलची. एवढंच. गूळ शक्यतो काळपट घ्या. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो तसा दिसावा म्हणून बरेचदा हायड्रोसची पावडर घातलेली असते, आणि रताळ्यावर काळपट गुळाची खरपूस चवच जास्त शोभते.

गूळ आणि पाणी बारीक आचेवर विरघळू द्या आणि गाळून घ्या, काड्या-माती निघतेच. पुन्हा आचेवर ठेवून एक उकळी आली, वर फेस जमला की फार तर मिनिटभर, आणि खाली उतरवा. तूप आणि मीठ उतरवल्यावर घाला. तुमचा दगड झाला त्याचं कारण एकच: चिक्कीचा पाक करतो तसा तुम्ही तो तार येईपर्यंत, किंबहुना त्याच्याही पुढं आटवलात. पाकात पाणी जितकं कमी उरतं तितका तो थंड झाल्यावर कडक होतो. इथं आपल्याला एकतारीसुद्धा नको. ताटलीवर थेंब टाकून ताटली तिरपी करा. थेंब सावकाश ओघळला पाहिजे. जागीच बसला तर पुढं गेला, चमचाभर गरम पाणी घालून पुन्हा एकदा गरम करा, लगेच ताळ्यावर येतो.

रताळं गरम असतानाच लांबीत चीर द्या, पूर्ण दोन भाग करू नका. दोन्ही टोकांना धरून मधे दाबलं की गर वर फुगून येतो. काट्यानं तो जरा मोकळा करा, आधी अर्धा चमचा तूप थेट गरावर सोडा, ते आत मुरू द्या, मग गूळ. हा क्रम उलटा केला तर गूळ वरच चिकटून बसतो आणि तूप सालीवरून ताटात जातं. वरून भाजलेल्या फल्लीदाण्यांचा जाडसर कूट. बारीक कूट नको, तो गुळात मिसळून लगदा होतो. दाताखाली काहीतरी आलं पाहिजे, कारण रताळं सगळंच मऊ. सुकं खोबरं किसून कोरडं भाजून घातलं तरी चालतं. दोन्ही घातलं तर एकाचीही चव नीट लागत नाही, म्हणून मी एकच काहीतरी घालते. मीठ विसरू नका, गोडाला उठाव त्यानंच येतो. ओटीजी चालू असेल तर गूळ घालून वरच्या रॉडखाली चार-पाच मिनिटं ठेवा, कडा चकाकतात. त्याहून जास्त नाही, गूळ साखरेच्या आधी जळतो आणि जळला की कडू.

पोट्ट्यांना व्हिडिओसारखं वरून कुरकुरीत हवं असेल तर एक युक्ती आहे. गूळ न घालता गरावर तूप लावून अर्धा चमचा साखर पसरा. लोखंडी सराटा (उलथणं) गॅसच्या जाळावर चांगला कडक तापवा आणि त्या साखरेवर दोन-तीन सेकंद टेकवा. साखर चर्रकन वितळून तपकिरी पापुद्रा होतो. हे मोठ्यांनीच करायचं, आणि वितळलेल्या साखरेला दोन मिनिटं कुणी बोट लावू नये.

मार्शमॅलोचं म्हणाल तर अमेरिकेत नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात रताळ्याच्या लगद्यावर तो घालून भाजतात, व्हिडिओत तेच उतरलं आहे. बहुतेक मार्शमॅलोंमध्ये जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला पदार्थ. उपासाच्या ताटात तर प्रश्नच नाही. आणि त्यांची ती ब्राउन शुगर म्हणजे मळी राखलेली किंवा मळी घातलेली साखर. आपला गूळ असताना तिच्यासाठी अमरावतीची वारी करू नका.

तुम्ही संत्र्याच्या पट्ट्यात राहता, म्हणून एक खास तुमच्यासाठी. शिवरात्रीच्या सुमारास मृग बहाराची संत्री तोडीला येतात. गुळात पाणी कमी घाला, आणि पाक उतरवून कोमट झाला की त्यात दोन चमचे संत्र्याचा ताजा रस मिसळा. रताळं, गूळ, तूप या तिन्हीच्या जडपणाला ती आंबट धार छान कापते. रस आचेवर मात्र ठेवायचा नाही. नागपुरी संत्र्याचा रस तापवला किंवा नुसता काढून ठेवला तरी कडवट होत जातो. म्हणून ऐन वाढताना पिळा आणि बिया चुरडू देऊ नका.

तिकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे कुणाचं घर असेल तर वाळवलेली मोहफुलं मागवून पाहा. मोह मार्च-एप्रिलात पडतो, म्हणजे शिवरात्रीला मागच्या वर्षीचीच फुलं मिळतील. वास घेऊन बघा, आंबूस असतील तर नकोत. चांगली निवडून, आतले केसर आणि कचरा झटकून, दोन-तीन पाण्यांत धुवा, मऊ होईस्तोवर उकडा, कुस्करून गाळा आणि तो रस मंद आचेवर मधासारखा दाट होईपर्यंत आटवा. गूळ लागतच नाही. वास सगळ्यांना मानवत नाही, पोरांना आधी बोटभर चाटवून बघा. उपासाला चालतो की नाही हे तुमच्या सासूबाईंना विचारा, घराघरात वेगळं असतं.

साय घालायची इच्छा असेल तर रताळं कोमट झाल्यावर घाला आणि गूळही थंड असू द्या. गरम दूध-साय आणि गरम गूळ एकत्र आले की बरेचदा फुटतं.

नारिंगी गराची रताळी आता आपल्याकडंही दिसू लागली आहेत. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेनं ‘भू सोना’ ही नारिंगी गराची आणि ‘भू कृष्णा’ ही जांभळ्या गराची जात काढली आहे. वेल मिळाले तर वाडीत लावून पाहण्यासारख्या आहेत. नारिंगी रताळ्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते अंगी लागायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो, त्यामुळं तिथं तूप नुसतं चवीपुरतं राहत नाही. भाजताना त्यांना शेवटची पाच-दहा मिनिटं कमी द्या आणि गूळही निम्माच ठेवा.

घरात साखरेचा आजार असलेलं कुणी असेल तर त्यांच्यासाठी भाजू नका, उकडा. ज्या कारणानं भाजलेलं गोड लागतं त्याच कारणानं ते रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा लवकर चढवतं. अर्धं रताळं, वर गूळ नाही, सोबत दही किंवा मूठभर दाणे.

उरलीच तर सालासकट झाकून फ्रीजमध्ये ठेवा. शिजलेल्याला थंडीची भीती नाही, दोन दिवस चांगली राहतात. दुसऱ्या दिवशी उपास सुटलेला असतो, तेव्हा साल काढून गर कुस्करा, त्यात मावेल तेवढी कणीक आणि चिमूटभर मीठ घालून दशम्या थापा. पाणी घालायची बहुधा गरज पडत नाही, आणि गोडी आधीच आत असल्यानं गूळही नको. तवा मंद ठेवा, त्या साखरेमुळं लवकर करपतात.